किनारा, डोंगर आणि कोरडा प्रदेश: श्रीलंकेच्या बारा दिवसांसाठी सात किलोंची बॅग

प्रश्न असा आहे. नागपूरचे एक दांपत्य आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई जानेवारीच्या उत्तरार्धात बारा दिवसांसाठी श्रीलंकेला जात आहेत. मार्ग नेगोंबो, सिगिरिया, कँडी, नुवरा एलिया, एला, तिस्समहाराम आणि तेथून ‘याला’ नावाचे अभयारण्य, शेवटी गॉल असा ठरला आहे. किनाऱ्यावर उकाडा, डोंगरात थंडी आणि मध्येच पाऊस असेल, तर प्रत्येकी सात किलोंच्या एका केबिन बॅगेत भागेल का, की गरम कपड्यांसाठी वेगळी मोठी बॅग घ्यावीच लागेल, असे त्यांनी विचारले आहे. सासूबाई रोज साडी नेसतात, हेही त्यांनी कळवले आहे.

सात किलोंत नक्की भागते. नागपुरातून लहान गट घेऊन मी बरीच वर्षे केरळ, निलगिरी आणि श्रीलंकेत जात आले आहे, आणि माझे ठाम मत असे झाले आहे की अशा प्रवासात बॅग थंडीमुळे फुगत नाही, ती न वाळणाऱ्या कपड्यांमुळे फुगते. आपण दिवस मोजून कपडे घेतो. मोजायचे असते ते धुतलेला कपडा पुन्हा अंगावर घालण्याजोगा होईपर्यंतचे तास. एका रात्रीत वाळणारे तीन जोड बारा दिवसांनाही पुरतात आणि वीस दिवसांनाही पुरतात. एका रात्रीत न वाळणारे सहा जोड चौथ्या दिवशीच कमी पडू लागतात.

नागपूरकरांना हे चटकन पटत नाही, कारण आपला उन्हाळ्याचा सगळा अनुभव कोरड्या उष्णतेचा आहे. मे महिन्यात गच्चीवर टाकलेली जाड चादरसुद्धा तासाभरात कडकडीत वाळते, त्यामुळे उष्ण प्रदेश म्हटला की सुती कपडे घ्यावेत हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. पण जो कूलर मे महिन्यात सगळे घर गार ठेवतो, तोच जुलैत नुसता दमट वारा फेकतो, हेही आपण दरवर्षी अनुभवतो. घामाचे आणि ओल्या कपड्याचेही तसेच होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असले की पाणी उडून जात नाही. कोलंबो-नेगोंबोच्या किनाऱ्यावर जानेवारीत दिवसाचे तापमान ३१ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आकडा आपल्या दृष्टीने किरकोळच असतो. परंतु हवेतील आर्द्रता ७० ते ८० टक्के असल्यामुळे संध्याकाळी धुतलेला जाड सुती कुर्ता सकाळी ओलसरच राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो. सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प हवेतूनच धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. वाळण्याच्या वेळेतील फरकाचे मोठे कारण हेच आहे.

याचा अर्थ सूत अजिबात नको असा मी घेत नाही. पातळ मलमलचा किंवा विरळ विणीचा सैल कुर्ता चालतो, कारण त्यात धागाच कमी असतो. नको आहे ती जीन्स, जाड टी-शर्ट, खळ दिलेले कापड आणि आंघोळीचा टर्किश टॉवेल. एक जीन्स साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरते आणि किनाऱ्यावर भिजली की दोन दिवस वाळत नाही. तिच्या वजनात पातळ नायलॉनच्या दोन विजारी येतात. टॉवेलऐवजी आपला पंचा घ्यावा. नागपूरच्या गांधीबागेत किंवा इतवारीत मिळणारा साधा पंचा टॉवेलच्या पाव वजनाचा असतो, पंख्याखाली झटपट वाळतो, धुतलेले कपडे पिळायलाही उपयोगी पडतो आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या महागड्या प्रवासी टॉवेलपेक्षा अंगाला अधिक बरा लागतो.

पिळण्याची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण रात्रीचे निम्मे काम तेथेच होते. धुतलेला कपडा हाताने एकदा पिळावा, कोरड्या पंच्यावर पसरावा, दोन्हींची एकत्र घट्ट गुंडाळी करावी आणि ती पुन्हा जोर लावून पिळावी किंवा तिच्यावर पाय देऊन उभे राहावे. पंचा उरलेले पाणी ओढून घेतो. मग कपडा न्हाणीघरात न टांगता खोलीत पंख्याखाली, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा टांगावा. खोलीत एसी असेल तर तो चालू ठेवावा, कारण एसी हवेतील बाष्पही काढून घेतो. मुक्कामाला पोहोचताच, जेवणापूर्वीच कपडे धुण्याची सवय लावावी. रात्री दहाला धुतलेला कपडा आणि सहाला धुतलेला कपडा यांत सकाळी स्पष्ट फरक जाणवतो. त्यासाठी कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी आणि चार मीटर नायलॉनची दोरी पुरे.

तुमच्या मार्गात धुण्याची ठिकाणे आधीच ठरवून ठेवावीत, हे मी विशेष आग्रहाने सांगते. नेगोंबोत फक्त एक रात्र असेल तर तेथे अंतर्वस्त्रांपलीकडे काही धुऊ नये. सिगिरियाचा भाग श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात मोडतो खरा, पण ईशान्य मोसमी पाऊस तेथे डिसेंबर-जानेवारीत येतो, म्हणून कपडे बाहेर टाकून दिवसभर फिरायला जाऊ नये. कँडी सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, रात्री १८-१९ अंश असतात आणि तेथे निदान दोन रात्री असतील तर सगळे कपडे धुऊन घ्यावेत, कारण पुढच्या मुक्कामी, नुवरा एलियाला, काहीही वाळत नाही. थंड, ढगाळ आणि दमट हवेत पातळ मोजेसुद्धा सकाळी गार आणि ओले लागतात. तेथे स्वच्छ, कोरड्या कपड्यांनिशी पोहोचावे, वापरलेले कपडे पिशवीत बांधून ठेवावेत आणि तसेच एलाला न्यावेत. एलामध्ये पातळ कपडे वाळतात. खरी सोय मात्र तिस्समहारामला होते. तो भाग उष्ण आणि तुलनेने कोरडा आहे, दुपारचे ऊन कडक असते, आणि यालाची सफारी पहाटेची असल्यामुळे दुपारी तुम्ही खोलीवरच असता. उरलेले सगळे तेथे धुऊन टाकावे, म्हणजे गॉलचे दिवस निश्चिंतपणे जातात.

आता थंडीचा प्रश्न. उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब लक्षात ठेवला तर हवामानाचा अंदाज स्वतःच बांधता येतो. एला सुमारे १,०४० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या पचमढीएवढ्या उंचीवर. पण ते विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्यामुळे जानेवारीत पचमढीइतकी थंडी तेथे पडत नाही आणि रात्री पातळ शाल पुरते. नुवरा एलिया १,८६८ मीटरवर आहे. तेथे जानेवारीत दिवसा २० अंशांच्या आसपास आणि पहाटे १० च्या आसपास तापमान असते, आणि काही पहाटे गवतावर हिमकण दिसावेत इतके ते उतरते. हे ऐकून लोक फुगीर जॅकेट घेतात. परंतु नागपूरच्या माणसाला १० अंश नवे नाहीत. २०१८ च्या डिसेंबरअखेर आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि आपण त्याच घरच्या स्वेटरवर दिवस काढले होते. जानेवारीत पहाटेचे विमान पकडायला निघताना जो स्वेटर तुम्ही अंगात घालणार आहात, तोच नुवरा एलियाला पुरतो, आणि अंगावर असल्यामुळे त्याचे वजन बॅगेत मोजले जात नाही.

तेवढ्याने भागावे यासाठी एकावर एक पातळ थर चढवावे लागतात. अंगालगत चटकन वाळणारा पातळ कपडा, त्यावर पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट किंवा कुर्ता, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे, पाणी झटकणारे पातळ विंडचीटर, अशी ही रचना आहे. ऊब देणारी खरी वस्तू थरांमध्ये अडकलेली हवा असते, आणि वारा ती उडवून नेतो. म्हणून २५०-३०० ग्रॅमचे विंडचीटर स्वेटरवर चढवले की दुसऱ्या स्वेटरची गरज उरत नाही. नुवरा एलियाजवळच्या हॉर्टन प्लेन्स या पठारी राष्ट्रीय उद्यानाला जाणार असाल तर या चारही थरांचा उपयोग होईल. तेथील वर्ल्ड्स एंड नावाच्या कड्यावरून दिसणारे दृश्य सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ढगांनी झाकले जाते, म्हणून नुवरा एलियाहून अंधारातच निघावे लागते, आणि २,१०० मीटरच्या पठारावर पहाटेचा वारा अंगात शिरतो. साडेनऊ किलोमीटरच्या त्या पायवाटेवर दोन तासांतच ऊन चढते आणि एकेक थर उतरवून पिशवीत टाकावा लागतो. जाड जॅकेट असते तर ते उरलेला सगळा वेळ हातात वागवावे लागले असते. प्रवेशद्वारावर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वेष्टने काढून घेतात, तेव्हा त्या दिवशीचे खाणे कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावे.

पावसासाठी तुम्हा सासू-सुनांत मिळून एक आणि तुमच्या पतींसाठी एक, अशा दोन घडीच्या छत्र्या घ्याव्यात. रेनकोट मी या प्रवासात नको म्हणते. उबदार दमट हवेत रेनकोटच्या आत माणूस घामानेच भिजतो. छत्रीखाली वारा लागतो आणि तीच छत्री सिगिरियाच्या खडकावरील किल्ल्याच्या पायथ्याशी व अनुराधपूर या प्राचीन नगरीला जाणे झाल्यास तेथे उन्हातही उपयोगी पडते. वाऱ्याच्या ठिकाणी छत्री टिकत नाही, तेथे विंडचीटर आहेच. सिगिरियाच्या खडकावर चढताना छत्री बॅगेतच ठेवावी आणि हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली टोपी घालावी. उन्हात डोक्याभोवती दुपट्टा गुंडाळण्याची आपल्याकडील सवय येथेही चालू ठेवावी. उघड्या जीपमधून यालात फिरताना पहाटेचा गार वारा आणि नंतर उडणारी धूळ या दोहोंसाठी दुपट्ट्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

मंदिरे आणि विहारांचा विचार कपडे निवडतानाच करावा. कँडीचे श्री दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धांच्या पवित्र दाताचे (दंतधातूचे) मंदिर, आणि दंबुल्लाची लेणी येथे खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि टोपीही उतरवावी लागते. श्रद्धाळू मंडळी तेथे पांढऱ्या वस्त्रांत येतात. दीक्षाभूमीवर शुभ्र वस्त्रांतील समुदाय पाहत वाढलेल्या नागपूरकरांना ते वातावरण परके वाटणार नाही. बाबासाहेबही १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. तीन जोडांपैकी एक पांढरा किंवा फिका ठेवावा, म्हणजे मंदिरासाठी वेगळा कपडा न्यावा लागत नाही. बुद्धप्रतिमा छापलेला टी-शर्ट किंवा ओढणी मात्र मुळीच नेऊ नये. तेथे तो अपमान समजला जातो आणि बुद्धप्रतिमेच्या अनादरावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. दुपारी दगडी फरशी तापते, त्यासाठी जाड मोज्यांचा एक जोड जवळ ठेवावा. मोजे घालून आत जाता येते.

सासूबाईंच्या साडीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हलक्या सामानाचे सल्ले देणारे हा विषय सोडूनच देतात. साडी ही या प्रवासाला गैरसोयीची नाही. जॉर्जेट किंवा क्रेपची साडी ३००-४०० ग्रॅमची असते, तिला इस्त्री लागत नाही, आणि कापड एकेरी आणि पातळ असल्यामुळे ती दोन-तीन तासांत वाळते. अडचण साडीखालच्या कपड्यांची होते. अस्तर लावलेला ब्लाउज आणि जाड सुती परकर यांना साडीच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणून साड्या दोन बॅगेत आणि एक अंगावर, इतक्या पुरेत. ब्लाउज मात्र चार असावेत, बिनअस्तराचे आणि कोणत्याही साडीवर चालतील अशा रंगांचे. परकर साटीनचे किंवा पातळ पॉपलिनचे घ्यावेत. थंडीसाठी लोकरीचे पातळ थर्मल ब्लाउज व परकराच्या आत घालता येते, वर स्वेटर आणि शाल. सिगिरियाच्या सुमारे बाराशे पायऱ्या आणि हॉर्टन प्लेन्सची वाट या दोन ठिकाणी सलवार-कुर्ता घालायची त्यांची तयारी असेल तर बरे, कारण उभ्या लोखंडी जिन्यावर वाऱ्यात निऱ्या सांभाळणे धोक्याचे आहे. त्यांना ते नको असेल, तर खडकाच्या पायथ्याच्या बागा पाहून त्या सावलीत बसू शकतात. तेवढेही पाहण्यासारखे आहे.

पादत्राणांचे दोनच जोड न्यावेत. जाळीचे हलके बूट पायात आणि पट्ट्यांचे रबरी सँडल बॅगेत. चामड्याची चप्पल दमट हवेत बुरसते. मोज्यांचे तीन जोड पुरतात. अंतर्वस्त्रांचे चार जोड घ्यावेत आणि त्यात काटकसर करू नये, कारण ओलसर अंतर्वस्त्रे घालून दिवसभर चालल्यास जांघेत चट्टे उठतात आणि नायटाही होऊ शकतो. त्याची पावडर आणि क्लोट्रिमाझोल मलम बरोबर असावे.

सगळ्यांत जास्त वजन वाचते ते बॅगेच्या निवडीत, आणि याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. चाकांची कडक केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे परवानगीच्या सात किलोंपैकी जवळपास चार किलोच हाती उरतात. ३०-३५ लिटरची साधी पाठपिशवी एक किलोच्या आत मिळते. तुमच्या बॅगेचा हिशेब असा होतो: पिशवी एक किलो, कपडे अडीच किलो, सँडल अर्धा किलो, औषधे व प्रसाधने ८०० ग्रॅम, चार्जर व पॉवर बँक ६०० ग्रॅम, छत्री व पंचा ४०० ग्रॅम, एकूण ५ किलो ८०० ग्रॅम. त्या अडीच किलोंत तीन कुर्ते, दोन विजारी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, विंडचीटर, झोपण्याचे कपडे, थर्मल, अंतर्वस्त्रे आणि मोजे हे सगळे येते. उरलेले जवळपास सव्वा किलो जाताना रिकामे ठेवावेत, कारण नुवरा एलियाच्या चहाच्या कारखान्यांतून रिकाम्या हाताने कोणी परतत नाही.

फराळ मोजकाच घ्यावा, प्रवासाच्या दोन दिवसांपुरता. श्रीलंकेत भात, परिप्पू नावाची डाळ, भाज्या आणि इडिअप्पमसारखे (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) पदार्थ सर्वत्र मिळतात. तुम्ही शाकाहारी असाल तर संबोल नावाच्या खोबऱ्याच्या चटणीत सुकी मासळी असते का, हे मात्र विचारून घ्यावे. सुके खोबरे तेलकट, म्हणून ज्वलनशील मानले जाते आणि विमानात नेऊ देत नाहीत. लोणचे, तूप आणि पातळ चटण्यांना हातबॅगेत द्रवाचाच नियम लागतो. आंतरराष्ट्रीय विमानात प्रत्येक द्रव १०० मिलिलिटरच्या बाटलीत आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत असाव्या लागतात. म्हणून साबण आणि शांपू वडीच्या रूपात घ्यावेत. सनस्क्रीन मात्र हवेच. उंचीवर हवा गार असली तरी दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात.

विजेच्या बाबतीत तीन चौकोनी पिनांचा एक अडॅप्टर आणि तिघांत मिळून अनेक तोंडांचा एक चार्जर पुरे.

औषधांत काटकसर नको. श्रीलंका २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली आहे, पण डेंग्यू तेथे वर्षभर असतो आणि तो डास दिवसा चावतो. म्हणून डास पळवणारे मलम दिवसाही लावावे, आणि ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्यावे, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. सासूबाई डॉक्टरांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन रोज घेत असतील, तर ताप आल्यावर काय करायचे हे निघण्यापूर्वी त्यांच्याच डॉक्टरांना विचारून ठेवावे. ओआरएसची पाकिटे आणि घाटात मळमळ होऊ नये यासाठीच्या गोळ्या असाव्यात. कँडी ते एला रेल्वेमार्गावर दरडींमुळे गाड्या अधूनमधून बंद राहतात, त्याची आधी खात्री करून घ्यावी. गाडी नसेल तर तो सगळा प्रवास वळणांच्या रस्त्यानेच होतो.

सासूबाईंना पाठीवर पिशवी नको असेल, तर त्यांच्यासाठी चाकांची, पण कापडी आणि दोन किलोंच्या आतली बॅग पाहावी, आणि ती पाच किलोंपुढे जाऊ देऊ नये. रेल्वेच्या डब्याची पायरी उंच असते आणि बॅग कोणाला तरी उचलावीच लागते. त्यांची नेहमीची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, पासपोर्ट आणि पॉवर बँक एका लहान कापडी पिशवीत घालून ती बॅगेच्या अगदी वर ठेवावी. विमान भरलेले असले की दारातच केबिन बॅगा घेऊन खालच्या सामानात टाकतात, आणि पॉवर बँक तेथे चालत नाही. अशा वेळी ती एक पिशवी काढून हातात घेतली की बाकी बॅग निर्धास्तपणे देता येते.